जुन्या पॉवरबोटीचे डेक ड्रेन बदलताना

डेकवरचं पाणी बोटीबाहेर सोडणारा दीड इंची ड्रेन काढून त्या जागी नवा बसवायला अर्धा दिवस पुरतो. वेळ खातं ते त्याचं भोक. जुन्या फायबर बोटीचा डेक म्हणजे वर-खाली फायबरचे दोन थर आणि मधे प्लायवूड किंवा बाल्सा लाकडाचा गाभा. बऱ्याच बोटी बांधताना भोक पाडून लाकडाची कापलेली कड तशीच उघडी ठेवली गेली आणि सीलंटच्या भरवशावर ड्रेन बसवला गेला. पंधरा-वीस वर्षांत ते सीलंट सुटतं, पाणी गाभ्यात झिरपतं आणि डेक आतून कुजू लागतो. ड्रेन कितीही महागडा आणा, ती कड उघडी राहिली तर सगळा खर्च वाया. म्हणून पुढे ड्रेनपेक्षा भोकाबद्दलच जास्त लिहिलं आहे.

मुंबईच्या पावसात ड्रेन तुंबला तर काय होतं ते आधी आकड्यांत बघा. २ मीटर बाय २ मीटरच्या कॉकपिटवर (बोटीच्या मागच्या उघड्या, खोलगट भागावर) तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला की ४०० लिटर पाणी जमतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्याशा कॉकपिटसाठी ते जवळजवळ पावणेचार टन पाणी होतं. कॉकपिटमध्ये फूटभर पाणी साचलं की मागच्या भागावर १२०० किलोंचा भार येतो. बोट मागून खाली बसते, ड्रेनची बाहेरची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येऊ लागतं. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं, पाणी उपसणारा बिल्ज पंप बॅटरी संपेपर्यंतच चालतो. मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या नांगराला) बांधलेली बोट अशी बुडते, तेव्हा समुद्र शांतही असू शकतो.

कामाला एप्रिल ते मेचा मध्य हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यासाठी बोट नाहीतरी वर काढायचीच असते, गाभा वर्षभरातला सर्वांत कोरडा असतो आणि जूनचा पहिला पाऊस तुमचं काम फुकटात तपासून देतो. ऑक्टोबरमध्ये हात घातलात तर लाकूड चार महिने पाणी प्यायलेलं असतं. सुकवायला दोन आठवडे जास्तीचे धरा.

बोट पाण्यात असतानाच करायच्या दोन गोष्टी

बोट स्टँडवर चढली की तिचा कल बदलतो, म्हणून ही पाहणी वर काढण्याआधी करा. टाकी भरलेली आणि नेहमीची माणसं चढलेली असताना कॉकपिटमध्ये बादलीभर पाणी ओता. ते जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करा. ड्रेन त्या खुणेपासून दूर असेल तर नवा ड्रेन खुणेवर घ्यायचा आणि जुनं भोक कायमचं बुजवायचं.

दुसरं, बाहेरचं तोंड पाण्याच्या किती वर आहे ते मोजा. जुनं टू-स्ट्रोक इंजिन काढून जड फोर-स्ट्रोक लावलेल्या बोटींची मागची बाजू बरीच खाली बसते. मुळात वर असलेली तोंडं त्यामुळे पाण्याला टेकतात. तसं झालं असेल तर तोंडाला सीकॉक (बंद करता येणारा व्हॉल्व्ह) हवाच. रबरी फ्लॅपवर विसंबू नका, कचऱ्याचा एक तुकडा अडकला तरी तो उघडा राहतो.

सामान

जुन्या ड्रेनच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि आटे नीट बघा. इथेच बहुतेकांची फसगत होते. अमेरिकी बनावटीच्या बोटीवर दीड इंची एनपीटी (अमेरिकी मापाचे) आटे असतात, इंचाला साडेअकरा. आपल्या बाजारात सर्रास मिळतात ते बीएसपी (ब्रिटिश मापाचे), इंचाला अकरा. दोन्ही एकमेकांत दोन-तीन फेरे सहज फिरतात आणि मग अडकतात. जोर लावून बसवलंत तर तो सांधा गळणारच. ड्रेन, नट आणि होज टेल (ज्यावर होज चढवतात ते टोक) एकाच जातीचे घ्या.

धातूत ब्राँझ किंवा ३१६ स्टेनलेस, प्लास्टिकमध्ये काचतंतू मिसळलेलं नायलॉन. साधं पांढरं प्लास्टिक उन्हात खडूसारखं भुरभुरतं आणि कॉलरच्या (डेकवर टेकणाऱ्या रुंद कडेच्या) खांद्याशी चिरतं. तुमचा जुना ड्रेन बहुधा तिथेच फुटलेला सापडेल. पितळ घेऊ नका. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, उरलेला धातू गुलाबी पडतो आणि बोटाने तुटतो. मुंबईच्या दारूखाना भागात जहाजांचं जुनं ब्राँझ मिळतं, पण घेण्याआधी कानशीने ओरखडा काढा: पितळ पिवळं दिसतं, ब्राँझ तांबूस. बोट अ‍ॅल्युमिनियमची असेल तर मात्र ब्राँझही नको, तिथे नायलॉनच.

ड्रेनपासून बाहेरच्या तोंडापर्यंत पाणी नेणारा होज ३८ मिलिमीटरचा, तारेची किंवा कापडाची मजबुती असलेला, मरीन वापराचा. जागा कमी पडते म्हणून २५ मिलिमीटरवर येऊ नका. आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी होतं. होज आवळायच्या क्लिप मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हव्या तितक्या मिळतात, पण लोहचुंबक खिशात ठेवून जा. पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, अशा क्लिप फार विकल्या जातात, आणि त्यांचा स्क्रू एका पावसाळ्यात गंजतो. दोन ड्रेनसाठी आठ क्लिप लागतात, प्रत्येक टोकाला दोन.

याशिवाय अर्धा किलो इपॉक्सी आणि त्याचं हार्डनर, इपॉक्सी घट्ट करायला कोलॉइडल सिलिका, पॉलियुरेथेन सीलंटची ३०० मिलिलिटरची एक नळी, अ‍ॅसिटोन, मास्किंग टेप, पॅकिंग टेप. इपॉक्सीऐवजी स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन वापरू नका; ते आकसतं आणि लाकडाला नीट धरत नाही. घरात पॉलिएस्टरचं सामान पडून असेल तर एक लक्षात ठेवा: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि एमईकेपी हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत, त्याचा स्फोट होतो.

जुना ड्रेन काढणं

बोट पेट्रोलची असेल तर आधी बॅटरी तोडा, झाकणं उघडी टाका आणि बिल्जमधला वास पूर्ण जाऊ द्या, ग्राइंडर त्यानंतरच. फायबरची धूळ फुफ्फुसांना वाईट, मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय कापाकापी नको.

होज पकडीने पिळू नका, खालची फिटिंग तुटते. त्याला उभी चीर द्या आणि सोलून काढा, तो नाहीतरी बदलायचाच आहे. नट जाम असेल तर हॅकसॉच्या पात्याने समोरासमोर दोन चिरा पाडून छिन्नीने फोडा. वरची कॉलर पटाशीने उचकटू नका, जेलकोटचे (फायबरवरच्या चकचकीत थराचे) टवके उडतात. बारीक पोलादी तार कॉलरखाली घालून करवतीसारखी ओढा. तरीही हलली नाही तर कॉलर ग्राइंडरने घासून पातळ करा आणि नळी खालच्या बाजूने काढून घ्या.

भोक

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने भोकाभोवती डेक ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर गाभा ठीक, बद्द आला तर ओला किंवा सुटलेला. शंका असेल तिथे खालच्या बाजूने ३ मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघा. फिकट आणि कोरडा असेल तर सोडून द्या. तपकिरी आणि ओलसर असेल तर पुढे ठोकत जाऊन खराबी कुठवर आहे त्याची रेघ मारा. ती तळहाताच्या मापात असेल तर भोकातूनच दुरुस्त होते. त्याहून मोठी असेल तर डेकचा एक थर कापून गाभा बदलावा लागतो, आणि ते काम उरकेपर्यंत ड्रेन बसवण्यात अर्थ नाही.

छोटी अ‍ॅलन की ड्रिलमध्ये अडकवा आणि हळू फिरवत दोन्ही थरांमधलं लाकूड सगळीकडून १२ ते १५ मिलिमीटर आत कोरून काढा. कुजलेलं असेल तिथे चांगलं लाकूड लागेपर्यंत जा. मग सुकवा. पंखा आणि शेजारी १०० वॉटचा बल्ब, तीन-चार दिवस, रात्री दवापासून झाकून. अ‍ॅसिटोन ओतून लाकूड सुकत नाही; ते वरची ओल उडवतं, आतली तशीच राहते. इथे घाई केलीत तर ओल इपॉक्सीखाली कोंडली जाते आणि गाभा आणखी वेगाने कुजतो.

खालून पॅकिंग टेपने भोक बंद करा. आधी पातळ इपॉक्सी ब्रशने लाकडाला पाजा, वीसेक मिनिटं मुरू द्या, मग सिलिका घालून पीनट बटरइतकं घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका. मेच्या उन्हात कपात ठेवलेलं पाव किलो मिश्रण काही मिनिटांत तापून धुरावतं आणि फेकावं लागतं. मोठा खड्डा दोन-तीन थरांत भरा. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, नंतरच सँडपेपर मारा; आधी सँडपेपर मारलात तर मेण आत रगडलं जातं आणि पुढचा थर सुटतो.

चोवीस तासांनी नव्या ड्रेनच्या मापाचा होल सॉ (गोल भोक कापणारं पातं) लावा. आता कापली जाते ती नुसती इपॉक्सी, लाकूड कुठेच उघडं दिसता कामा नये. सँडपेपरने कॉलरची बैठक दीड-दोन मिलिमीटर खोल करा, नाहीतर कॉलरभोवती पाण्याचं कडं कायम उभं राहील. उघड्या पडलेल्या फायबरला इपॉक्सीचा हात द्या.

बसवणं

ड्रेन आधी कोरडाच बसवून बघा. मग डेकवर कॉलरभोवती मास्किंग टेप लावा, दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसा, कॉलरखाली आणि नळीभोवती सीलंटची सलग वळी घाला. सिलिकॉन नको, ते पकड सोडतं आणि त्या जागी नंतर दुसरं काही चिकटत नाही. अतिशय घट्ट चिकटणारं कायमचं सीलंटही नको, कारण हा ड्रेन पुन्हा कधीतरी काढायचाच आहे.

नटाखाली फायबरच्या तुकड्याचा वॉशर द्या, कच्च्या प्लायवूडचा नको. एकाने वरून ड्रेन स्थिर धरायचा, दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचा. ड्रेन फिरला की सीलंटची वळी तुटते. सगळीकडून सारखं सीलंट बाहेर आलं की थांबा; आणखी आवळलंत तर सगळं पिळून निघतं आणि धातू-फायबर कोरडे टेकतात. टेप लगेच काढा. सीलंटची उरलेली नळी ठेवून देण्यात अर्थ नाही, पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणानेच घट्ट होतं आणि आपल्याकडे तो भरपूर आहे.

होजचं टोक गरम पाण्यात बुडवून चढवा, तेल लावू नका. दोन्ही क्लिपचे स्क्रू विरुद्ध बाजूंना ठेवा आणि दोन्ही क्लिप होज टेलच्या वरच येतील हे बघा. होजला पूर्ण उतार हवा. मधे झोळ पडला की तिथे गाळ साचतो आणि डासही होतात. ड्रेन बिल्जमध्ये सोडण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका.

दोन-तीन दिवस सीलंट सुकू द्या. मग बाहेरचं तोंड लाकडी गुट्टीने बंद करून ड्रेन काठोकाठ भरा आणि तासाभराने खालून नट, क्लिप व होज टिश्यू पेपरने टिपून बघा. कागद ओला झाला तर सांधा पुन्हा उघडा. बाहेरून सीलंट थापून गळती थांबत नाही, पाणी गाभ्यात जात राहतं. कागद कोरडा निघाला तर गुट्टी काढून १० लिटरची बादली एका दमात ओता. पाणी क्षणभर चढून लगेच उतरलं पाहिजे.

बारीक भोकांची जाळी दिसायला छान असते, पण एक पान आणि थोडी पक्ष्यांची विष्ठा तिला पुरते. रुंद फटींची जाळी घ्या आणि बोट पावसाळ्यात पाण्यातच राहणार असेल तर दर आठवड्याला ती उचलून आत हात घाला. लाकडी गुट्टी दोरीने थ्रू-हलपाशीच (बोटीच्या भिंतीतल्या बाहेरच्या तोंडापाशीच) बांधून ठेवा. भर उधाणात होज सुटला तर ती शोधत बसायला वेळ नसतो.