गाडीसाठी नक्षीदार पत्रा घेताय? या चुका टाळा

समोरून सगळे नक्षीदार पत्रे सारखेच दिसतात, म्हणून घेताना पत्रा आधी उलटा करा. मागची बाजू सपाट असेल तर तो रोलमधून काढलेला चेकर्ड पत्रा. गाडीच्या फ्लोअरला, पायरीला हाच हवा. मागे खळगे दिसले तर पातळ पत्र्यावर नुसता ठसा उठवलाय. दाराच्या आतल्या पॅनेलला तो चालेल, पण त्यावर रोज पाय पडले तर दबेल.

जाडी मोजताना कॅलिपर उठावावर टेकवू नका. ३ मिमीचा चेकर्ड पत्रा म्हणजे तळ ३ मिमी, नक्षी त्यावर वेगळी. गेजमध्ये, म्हणजे जाडीच्या नंबरात, मागणी देणं तर त्याहून घातक. अमेरिकन मोजमापात १६ गेजचं स्टील साधारण १.५ मिमी, अ‍ॅल्युमिनियम मात्र १.३ मिमीच भरतं. सरळ मिलिमीटर सांगा. वजनही आधीच काढून ठेवा: ३ मिमी स्टीलचा एक चौरस मीटर साडेतेवीस किलो, अ‍ॅल्युमिनियमचा आठच्या आसपास, तेही नक्षी न धरता.

सगळ्यात जास्त पत्रे वाया जातात ते बेंडिंगला. ‘कडक तेच चांगलं’ म्हणत लोक ६०६१-टी६ हा अ‍ॅल्युमिनियमचा कडक प्रकार उचलतात आणि काटकोनात आवळून वाकवायला गेलं की बाहेरच्या अंगाला चीर पडते. वाकवायचं काम असेल तर ५०५२ हा अ‍ॅल्युमिनियमचाच, पण सहज वाकणारा प्रकार मागा. नक्षी बाहेर ठेवून वाकवणार असाल तर आधी एका तुकड्यावर करून बघा, कारण वाकवायच्या मशीनच्या साच्याखाली (डायखाली) उठाव चेपतो.

आखणी सपाट बाजूवर सोपी जाते, पण तिथेच घात होतो. पुठ्ठ्याचा साचा पालथा न करता आखला की उजव्या बाजूचा तुकडा डावीकडचा होतो. माझा झालाय. शिवाय पट्ट्यांच्या नक्षीला दिशा असते. पत्रा वाचवायला एक तुकडा आडवा कापला की जोडी विजोड दिसते.

स्टीलच्या चासीवर अ‍ॅल्युमिनियम थेट बसवू नका. ओल लागली की अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात होते. बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसली तर हेच चाललंय. पत्रा काढा, घासा, चासीला रंग द्या, मध्ये रबराची पट्टी आणि बोल्टला नायलॉनचा वॉशर घाला.

आणि रबर बीडिंगखालून पाणी येत असेल तर बीडिंग बदलत बसू नका. ते नक्षीच्या खोबणीतून येतंय. तेवढी कड ग्राइंडरने सपाट करून सीलंट भरा.