क्लच वायर तुटली तर गाडी घरापर्यंत कशी न्यायची

बाईकची क्लच वायर सांगून तुटते. आधी लिव्हर जड लागायला लागते, मग लिव्हरमध्ये गोळी बसते तिथे एकेक बारीक तार सुटून बोटाला टोचते, आणि आपण रविवारी बघू म्हणतो. ती तुटते मात्र सोमवारी सकाळी, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये.

तुटली की ब्रेक दाबा, किल स्विचने (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) गाडी बंद करा. बंद गाडी थोडी पुढेमागे हलवत न्यूट्रल काढा आणि कडेला घ्या. मेकॅनिक जवळ असेल तर सरळ ढकलत न्या, त्यात कमीपणा काही नाही. पुढे चढ किंवा जाम उड्डाणपूल असेल तर गाडी तिथेच नीट पार्क करा, रिक्षाने ऑफिस गाठा.

रस्ता सपाट आणि मोकळा असेल, आणि गिअरवर हात बसलेला असेल, तरच बिनक्लचची चालवा. इथे सगळी मेख आहे ती गाडी जागची हलवण्यात. जमलेली माणसं हमखास सांगतात, "फर्स्टला टाक आणि सेल्फ मार." अजिबात ऐकू नका. बऱ्याच गाड्यांना गिअरमध्ये क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही, आणि जिथे लागतो तिथे स्टार्टरची छोटीशी मोटर गाडीसकट तुम्हाला ओढते, गाडी उडी मारते आणि पुढच्याच्या बंपरला जाऊन बसते.

मी करतो ते असं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून नीट गरम होऊ द्यायचं, थंड इंजिन गिअर पडताच बंद पडतं. मागचं-पुढचं बघून सीटवर बसायचं आणि दोन्ही पायांनी रेटत गाडीला भरभर चालण्याइतका वेग द्यायचा, किंचित उतार मिळाला तर उत्तमच. मग डावा पाय वर घेऊन फर्स्ट एका दणक्यात पूर्ण टाकायचा. घाबरत घाबरत अर्धा दाबला की खर्रर्र होतं आणि गिअरचे दात झिजतात. थ्रॉटल गिअर पडल्यावरच, तोही हलका. आधीच रेस देऊन ठेवली तर गाडी हातातून सुटेल. झटका बसणारच, हँडल घट्ट धरा. बंद पडली तर वेग कमी पडला, पुन्हा न्यूट्रल, पुन्हा तेच. पाठीमागे बस-ट्रक असतील तर हा खेळ करूच नका, दहा मिनिटं थांबा.

वरचे गिअर सोपे: पायाने गिअर लिव्हरवर हलका दाब ठेवा, थ्रॉटल क्षणभर सोडा, गिअर आपसूक पडतो. तिसऱ्याच्या वर जायची गरज नाही. खाली येताना वेग पडू द्या, मग दाब ठेवून थ्रॉटल जरासा झटकन द्या.

थांबण्याचा विचार मात्र लांबूनच करायचा. सिग्नल लाल दिसला की थ्रॉटल सोडून, गाडी चालत असतानाच न्यूट्रल काढा. ज्यांच्या गाडीत न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये आहे त्यांनी दुसऱ्यातून अगदी अर्धा टोला द्यायचा. नाहीच सापडलं तर ब्रेक आणि किल स्विच, लाज बाळगू नका. रस्ताही सिग्नल कमी असलेला निवडा, लांबचा पडला तरी चालेल. आणि मित्र दुसऱ्या गाडीवरून पाय लावून ढकलतो म्हणाला तर नको म्हणा, गर्दीत दोघेही पडाल.

नवी वायर टाकणं त्यामानाने किरकोळ काम. जुनी काढायच्या आधी नवी तिच्याच वाटेने शेजारून ओवून घ्या, म्हणजे टाकीखालून कुठून आली होती हे शोधत बसावं लागत नाही. कंपनीचीच घ्या, स्वस्तातली लगेच ताणते. क्लच लिव्हरच्या टोकाला 10 ते 20 मिमी ढिल ठेवा, म्हणजे वायर ताणायच्या आधी लिव्हर तेवढी मोकळी हलली पाहिजे; अजिबात न ठेवल्यास क्लच पूर्ण बसत नाही आणि क्लचच्या प्लेटा जळतात. मी तर एक स्पेअर वायर चालू वायरच्या बाजूनेच टाकून झिप टायने बांधून ठेवलीय, सीटखाली पक्कड आणि नटाला लागणारा पाना आहेच, तुटली तर फक्त दोन टोकं अडकवायची.

शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा. लिव्हरची ढिल कमीजास्त झाली किंवा रेस आपोआप चढली, तर वायर कुठेतरी अडकतेय, उघडून परत ओवा.