टाच टेकवण्याचं ऑपरेशन: आईने आधी आणि नंतर काय बघावं

माझ्या लेकाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी; त्याचे दोन्ही पाय ताठर. तो चवड्यांवर चालायचा. चपलेला पुढून भोक पडायचं आणि टाचेकडची बाजू कोरी राहायची. आठव्या वर्षी त्याचं ऑपरेशन झालं. तुमच्याकडे हा विषय निघाला असेल तर माझ्या अनुभवातलं हे सांगते.

घाई करू नका. सहा वर्षांच्या आत ऑपरेशन केलं तर पाय पुन्हा आखडण्याची भीती जास्त, कारण हाडं भराभर वाढतात आणि ताठर स्नायू मागे राहतो. तोवर ताणाचे व्यायाम, स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा साचा), बोटॉक्स (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) यांवर वेळ काढता येतो. बोटॉक्सचा असर तीन-चार महिनेच टिकतो.

डॉक्टर करतात ती एक तपासणी नीट बघून घ्या. मूल उताणं झोपलेलं, गुडघा सरळ. पाऊल हळूच वर ढकलायचं. मग गुडघा वाकवून तेच. वाकवल्यावर पाऊल सहज वर येत असेल, तर मुख्यतः आखडलाय तो पोटरीचा वरचा, गुडघ्यापलीकडून येणारा स्नायू. दोन्ही वेळा अडलं तर खालचाही. हे एवढ्यासाठी सांगतेय की टाचेमागची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी, रक्तवाहिनी नव्हे) गरजेपेक्षा जास्त लांबवली गेली तर पोटरीतला जोर जातो. टाच टेकते खरी, पण मूल गुडघ्यात वाकून चालायला लागतं, आणि ते सुधारणं फार अवघड. म्हणून स्पष्ट विचारा: नेमकं काय सैल करणार? गुडघा आणि खुबा तपासलात का? तिथेही काम असेल तर एकाच वेळी होईल का?

आमचं प्लास्टर सहा आठवडे होतं. पहिले दोन दिवस पाय उशांवर उंच ठेवा. दर तासाला अंगठ्याचं नख दाबा. पांढरं होऊन लगेच गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, गार पडली किंवा औषध देऊनही कळ वाढत गेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा. झोपेत पाय झटक्याने आखडतो आणि मूल किंचाळून उठतं. त्यावर वेदनाशामकाखेरीज वेगळं औषध असतं, ते घरी येण्याआधीच मागून घ्या. खाज सुटली म्हणून आत काही घालू नका. आमच्या आजींनी मायेने विणायची सुई आणली होती, ती मी काढून घेतली.

माझी एक चूक झाली. लेक म्हणत होता, "आई, टाच भाजतेय." मी दिवसभर त्याला समजावत बसले. प्लास्टर उघडलं तर टाचेवर जखम. एकाच जागी जळजळ होत असेल किंवा वास येत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. न बोलणाऱ्या मुलाचं नुसतं रडणंही तेच सांगत असतं.

स्प्लिंटचं माप प्लास्टर बदलतानाच द्या. आमचं दहा दिवस उशिरा आलं आणि तेवढ्यात पाऊल पुन्हा खाली झुकायला लागलं. आत लांब सुती मोजा, एकही चुणी नको. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट तेवढ्या जागी घासून सैल करून घ्या. बूट एक नंबर मोठा.

खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचं कार्ड आधीच काढा. वर्षाला एक लाखापर्यंतची सोय आहे.

आता रोज संध्याकाळी मी पोळ्या लाटते तेव्हा तो ओट्याला धरून वीस मिनिटं उभा राहतो, गुडघे सरळ, टाचा फरशीवर. मधूनमधून मी खाली वाकून टाचेखाली कागद सरकवून बघते. सरकला नाही, की पुढची पोळी.