दिवाणी वर्कशॉपची तयारी: आधी पिशवीवरचं नाव बघा

गेल्या वर्षी आमच्या ट्रस्टने वकील आणि न्यायाधीशांसाठी दिवाणी कायद्याचं वर्कशॉप घेतलं, त्यात वाटायला आलेल्या 120 पिशव्या अजून माझ्या घरी पडून आहेत, एकीत तुरीची डाळ, एकीत बायकोने कांदे भरलेत. पिशवी चांगली आहे हो, जाड ज्यूटची, चेनची, आत पेन-पॅडला कप्पा, आणि बाहेरून वीतभर अक्षरात देणाऱ्याच्या फर्मचं नाव, खाली त्याचं स्वतःचं. त्याच माणसाचा दावा पहिल्या रांगेत बसलेल्या एका न्यायाधीश साहेबांपुढे चालू होता, निशाणी 5 वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, आठच दिवसांपूर्वी युक्तिवाद झालेला. साहेबांनी पिशवी घेतली, नाव वाचलं, खुर्चीवर उलटी करून ठेवली, "जरा फोन करून येतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच, चहासुद्धा घेतला नाही. पाच मिनिटांत आणखी दोघे उठले. राहिलो आम्ही वकीलच, एकमेकांना वाटपाचा दावा शिकवायला.

यंदा परत करायलोत, परभणीत, ट्रस्ट तोच. म्हणून ही यादी, माझ्यासाठी आणि ज्यांना आपल्या तालुक्याला असं काही करायचंय त्यांच्यासाठी.

सुरुवात पैशापासून करा. हॉल नाही, पाहुणे नाही, पैसे. कोण किती देतंय ते कागदावर लिहा आणि त्यातलं एकेक नाव ई-कोर्टच्या साइटवर टाकून बघा. तिथे पार्टीच्या नावाने शोधता येतं पण कोर्ट निवडावं लागतं, वर्ष टाकावं लागतं, म्हणजे एका माणसासाठी दहा वर्षं गुणिले जिल्ह्यातली सगळी कोर्टं, कॅप्चा भरून भरून डोळे जातात, तरी करा. नावं बहुतेक इंग्रजीत, स्पेलिंग ज्याने टाकलं त्याच्या मर्जीचं, देशमुखात एच कधी दोन असतात कधी एकच, म्हणून अर्धंच नाव टाकून बघा. हायकोर्टाच्या खंडपीठाचं वेगळं बघा. तहसील आणि प्रांताकडचे वाद या साइटवर येतच नाहीत, ते तोंडीच विचारावं लागतं. आणि एवढं करूनही आमचा माणूस सुटलाच असता, कारण मी शोधलं असतं फर्मच्या नावाने आणि दाव्यात हा प्रतिवादी नंबर 4. रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीत, पहिल्याच पक्षकाराचं नाव दिसतं, बाकीचे सगळे "व इतर" मध्ये. म्हणून देणाऱ्याला तोंडावर विचारा, तुमचा, घरच्यांचा, भागीदाराचा, मुखत्यारपत्रावर घेतलेल्या जमिनीचा काही दावा आहे का. लेखी घ्या. राग आला तर येऊ द्या.

खरं सांगायचं तर आपल्याकडे बांधाचा, रस्त्याचा नाहीतर भावकीचा दावा नसलेला देणगीदार कुठून आणायचा? म्हणून यंदा देणगीच बंद. वकिलांकडून 400 रुपये फी, कमी पडेल ते ट्रस्टच्या ठेवीच्या व्याजातून. काही जण म्हणायलेत एवढं काय त्यात, पिशवीच तर आहे. 1997 साली सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्तींच्या वागणुकीची जी तत्त्वं मंजूर केली त्यात घरचे, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कुणाची भेट किंवा पाहुणचार घ्यायचा नाही असं स्पष्ट आहे. ती वरच्या कोर्टांसाठी आहेत हे मला माहितेय, पण म्हणून तालुक्याच्या साहेबांनी आपल्याच पक्षकाराची पिशवी खांद्याला लावून घरी जायचं का?

परवानगीचं पत्र पीडीजे, म्हणजे प्रमुख जिल्हा न्यायाधीश साहेबांच्या नावाने, दोन महिने आधी. त्यांना वर हायकोर्टात विचारावं लागलं तर वेळ हवा. पत्रात विषय, वक्ते आणि खर्च कोण करतंय हे तिन्ही लिहा. गेल्या वेळी आम्ही तिसरं लिहिलंच नव्हतं, लिहायला बसलो असतो तर तिथेच पेन थांबला असता.

तारीख. दुसऱ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते म्हणून सगळे तोच धरतात आणि मग कळतं की राष्ट्रीय लोकअदालत बहुतेक दुसऱ्या शनिवारीच असते, सगळे साहेब पॅनलवर. चौथा धरा. मे महिना नको, का ते मराठवाड्यात सांगायला नको.

विषय एकच ठेवा. "दिवाणी न्यायासमोरील आव्हाने" हा विषय नाही, ते फ्लेक्सवरचं वाक्य आहे. आमचा विषय: वाटपाची प्रिलिमिनरी डिक्री झाली, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते ठरलं, पण प्रत्यक्ष वाटप करणारी फायनल डिक्री बाकी, पुढे काय? शेतजमीन असली की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 खाली कागद कलेक्टरकडे, तिथून तहसील, मग मोजणी, आणि दरम्यान वादी मरतो, वारस लागतात, वारसांत भांडण. सुप्रीम कोर्टाने 2009 च्या शुभकरण बुबना निकालात सांगितलं की फायनल डिक्रीसाठीच्या अर्जाला मुदतीचा कायदा आडवा येत नाही, आणि 2022 मध्ये तर सांगितलं की प्रिलिमिनरी डिक्री झाली की कोर्टाने आपण होऊन पुढे चालवायचं, पक्षकाराच्या अर्जाची वाट बघायची नाही. हे किती बाररूममध्ये पोचलंय? म्हणून भूमी अभिलेखचा माणूस बोलवाच, मोजणी का अडते ते त्याच्याच तोंडून ऐका. मुलींच्या हिश्श्याला एक तास द्या, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क सांगणाऱ्या 2020 च्या विनीता शर्मा निकालानंतर जुन्या प्रिलिमिनरी डिक्रीतले हिस्से बदलून मागायलेत लोक, त्यावर वकील आणि न्यायाधीश दोघांनाही प्रश्न आहेत.

बदलून आलेल्या साहेबांसाठी अर्धा तास वेगळा राखा. कोकणातून आलेल्यांना 1948 चा कुळकायदा माहीत, विदर्भातल्यांना 1958 चा, आपल्याकडे 1950 चा हैदराबादचा. मदतमाश आणि खिदमतमाश या निजामकाळच्या इनामांतला फरक, 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना कागद, उर्दूतले कागद, फसली सन म्हणजे तेव्हाचं महसुली साल. फसलीत 590 मिळवले की इंग्रजी साल येतं, एवढं एक वाक्य फळ्यावर लिहिलं तेव्हा गेल्या वर्षी उरलेल्यांपैकी सगळ्यात तरुण वकिलाने वहीत दोनदा अधोरेखित केलं. उर्दू वाचणारे एक म्हातारे चाचा आहेत आमच्याकडे, त्यांना घ्यायला गाडी पाठवा, रिक्षाने या म्हणू नका.

सरावाची फाइल. निकाली निघालेल्या केसची घ्या, चालू केसची अजिबात नाही, अपील पेंडिंग असलं तरी नाही. नावं मार्करने काळी करा, मग त्याची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, कारण पहिलीत उजेडासमोर धरलं की खालचं नाव वाचता येतं, मी धरून बघितलंय. गट नंबर आणि गावाचं नावही काळं करा. गट नंबर दिसला की आपला माणूस दोन मिनिटांत सांगतो, अरे हा तर अमक्याचा दावा. आणि फाइलच्या कव्हरवर कुणाचं नाव नाही ना, प्रेसवाला फुकटात छापून देतो म्हणून कोपऱ्यात आपली जाहिरात टाकतो, त्याचाही दावा असू शकतो. बघा. परत बघा.

वक्ते: दोन पुरे. प्रश्न चिठ्ठीवर घ्या, तोंडी नको, नाहीतर कुणीतरी स्वतःचीच चालू केस "समजा एक पक्षकार आहे" करून विचारतो आणि समोर बसलेत तेच साहेब. चिठ्ठ्या आधी वाचणारा माणूस दिवाणी बाजूचा जाणता हवा.

फ्लेक्सवर वकिलांचे फोटो नकोत, बार कौन्सिलचा वकिलांच्या जाहिरातीवरचा नियम 36 वाचा, बसत नाही त्यात.

हॉल, माइक, इन्व्हर्टर. जेवण साधं, वरण-भात-भाजी-पोळी. केटरर कोण, पाण्याच्या बाटलीवर कुणाचं लेबल, हे विचारा, हसू नका. न्यायाधीश आणि वकील वेगळे बसवू नका, पण टेबलावर एका साहेबाला चार वकील घेरून बसले तर कुणीतरी हळूच जाऊन बसा मध्ये.

सकाळी दारात एक जण उभा करा, त्याचं काम एकच, आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूवरचं नाव वाचणं. पुष्पगुच्छाच्या कार्डावरचंसुद्धा.

नंतरचं: हजेरी, हिशेब, ऑडिटरला पावत्या, साहेबांना आभाराचं पत्र साधं. फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. चार दिवसांनी कुणीतरी येईलच, "पुढच्या वर्षी सगळा खर्च आमच्याकडे, फक्त साहेबांसोबतचा एक फोटो द्या दुकानात लावायला." त्याला चहा पाजा, पैसे आपल्या खिशातून द्या, आणि फोटो नाही म्हणा.