तासाचा दर ऐकून लगेच हो म्हणू नका: सीएनएची ऑफर कशी तपासायची

गेल्या महिन्यात मंडळातल्या, सीएनए (सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट, म्हणजे नर्सच्या हाताखाली रुग्णांची देखभाल करणारी) होऊ पाहणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला. "काकू, सीएनएची परीक्षा पास झाले! दोन ऑफर आहेत, एक तासाला १९.५० डॉलरची आणि एक २३ ची. २३ चीच घेऊ ना?" मी तिला म्हटलं, थांब, संध्याकाळी कागद घेऊन घरी ये. त्या संध्याकाळी डायनिंग टेबलावर बसून आम्ही जो हिशोब केला, तोच इथे मांडतेय. न्यू जर्सीत नर्सिंग होममध्ये मी अकरा वर्षं सीएनए आहे. त्यातली पहिली तीन वर्षं मीही फक्त तासाचा दर बघायचे, आणि त्यात माझे हक्काचे पैसे गेले.

आधी दराचं बघू. मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत अमेरिकेतल्या नर्सिंग असिस्टंटचा मध्यम वार्षिक पगार ३९,५३० डॉलर आहे, म्हणजे पूर्णवेळ कामाला तासाला १९ च्या आसपास. निम्म्या लोकांना याहून जास्त मिळतं, निम्म्यांना कमी. फेडरल किमान वेतन २००९ पासून ७.२५ वरच आहे, पण राज्याराज्याचे नियम वेगळे असतात. न्यू जर्सीत नर्सिंग होमसारख्या ठिकाणी रेसिडेंट्सची, म्हणजे तिथे राहणाऱ्यांची, प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्यांना राज्याच्या किमान वेतनापेक्षा ३ डॉलर जास्त द्यावेच लागतात. २०२५ मध्ये तो आकडा १८.४९ होता, २०२६ मध्ये १८.९२ झाला. म्हणून इंटरव्ह्यूत कुणी १९ देताना उपकाराची भाषा केली, तर भारावून जाऊ नका. कायद्याने ठरलेल्या रकमेवर त्याने आठ सेंट टाकलेले असतात.

आता त्या दोन ऑफर. कागद नीट वाचला तेव्हा कळलं की २३ ची नोकरी 'पर डिएम' होती. म्हणजे गरज असेल तेव्हा बोलावणार, ना भरपगारी सुट्टी, ना इन्शुरन्स, ना ४०१-के (निवृत्तीसाठीचं बचत खातं). १९.५० ची पूर्णवेळ होती, तीत वर्षाला १५ दिवस पीटीओ (भरपगारी सुट्टी), पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंत ४०१-के मॅच (मालकाने त्या खात्यात टाकायची भर) आणि हेल्थ इन्शुरन्स होता.

आम्ही वहीत दोन रकाने पाडले. आठवड्याला ४० तास धरले तर २३ चे वर्षाला ४७,८४० होतात आणि १९.५० चे ४०,५६०. फरक ७,२८० चा, आणि इथेच पोरीचे डोळे चमकले. मग १५ दिवस घरी राहायचं म्हटलं तर पर डिएममधून २,७६० गेले. मॅचचे १,२१७ पूर्णवेळच्या रकान्यात आले. आता फरक ३,३०० वर आला. उरला इन्शुरन्स. पूर्णवेळच्या नोकरीत तिच्या दोन आठवड्यांच्या पगारातून ९० डॉलर कापणार होते, म्हणजे वर्षाला २,३४०. स्वतः मार्केटप्लेसवर (विम्याच्या सरकारी वेबसाइटवर) प्लॅन बघितला तर तिला महिन्याला ४५० च्या आसपास दिसत होता, म्हणजे ५,४००. ही ३,०६० ची तफावत वजा केल्यावर २३ आणि १९.५० मध्ये वर्षाला जेमतेम अडीचशे डॉलर उरले. त्यातही सेन्सस कमी झाला, म्हणजे बेड रिकामे राहिले, की पहिला फोन पर डिएमवाल्यांनाच जातो: आज येऊ नका.

नवऱ्याच्या नोकरीतून सगळ्या घराला इन्शुरन्स असेल तर हा हिशोब उलटतो, आणि मग पर डिएम खरंच परवडतं. मीही तेच केलं असतं. पण आमच्याकडे यांची नोकरी एका गुरुवारी गेली, आणि महिनाअखेरीस चौघांचा इन्शुरन्स संपणार होता. मी तेव्हा पूर्णवेळ होते म्हणून निभावलं. घरातल्या कुणाचा नोकरीतला इन्शुरन्स गेला, तर तुमच्या कंपनीच्या प्लॅनमध्ये कुटुंबाला घ्यायला ३० दिवस मिळतात, ओपन एनरोलमेंटची (वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणीच्या मुदतीची) वाट बघावी लागत नाही. मी अकराव्या दिवशी फॉर्म भरून एचआरच्या हातात दिला. ते ३० दिवस हुकले असते तर पुढच्या जानेवारीपर्यंत धाकट्याच्या इनहेलरचं काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही.

इन्शुरन्सबद्दल दोन प्रश्न विचाराच. कव्हर कुठल्या तारखेपासून सुरू होतं? कायद्याने जास्तीत जास्त ९० दिवस थांबवता येतं. आणि 'पूर्णवेळ' म्हणजे किती तास? ५० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकासाठी आरोग्य विम्याच्या कायद्यात आठवड्याला सरासरी ३० तास म्हणजे पूर्णवेळ. कुणी तुम्हाला २९ तासांचंच वेळापत्रक देत असेल, तर त्यामागचं कारण बहुतेक हेच असतं.

शिफ्ट डिफरन्शियल, म्हणजे संध्याकाळ, रात्र किंवा सुट्टीच्या दिवसाच्या पाळीचे तासाला जास्तीचे पैसे, विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तीन ते अकराला किती, अकरा ते सातला किती, शनिवार-रविवारला वेगळं आहे का, आणि दोन्ही एकत्र मिळतात का, हे चारही आकडे ईमेलवर मागा. तोंडी सांगितलेलं पहिल्या पे स्टबवर (पगाराच्या पावतीवर) दिसेलच असं नाही. ओव्हरटाइममध्ये चूक होते ती इथेच. दर १९ आणि रात्रीचे २ मिळत असतील, आणि आठवडाभर तुम्ही रात्रपाळीच केली असेल, तर चाळीस तासांनंतरचा दीडपट दर २१ वर काढायचा असतो, म्हणजे ३१.५०. काही ठिकाणी १९ ची दीडपट करून वर २ टाकतात, ते होतात ३०.५०. दिसायला तासाला एकच डॉलर, पण वर्षभर ओव्हरटाइम करणाऱ्या बाईचे त्यात शेकडो जातात. शिवाय २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी ओव्हरटाइमचा जो वरचा 'अर्धा' भाग असतो, तो फेडरल इन्कम टॅक्समध्ये वजा करता येतो. एकट्याला १२,५०० पर्यंत, एकत्र रिटर्न भरणाऱ्या जोडप्याला २५,००० पर्यंत. सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचे) ७.६५ टक्के मात्र त्यावरही कापले जातात.

आता जेवणाच्या सुट्टीबद्दल, कारण याचा मला खरोखर राग आहे. आमच्या जुन्या ठिकाणी पंच मशीन प्रत्येक शिफ्टमधून अर्धा तास आपोआप कापायचं. बारा वाजता मी ब्रेक रूममध्ये डबा उघडायचे आणि कॉल लाइट (रेसिडेंटने मदतीसाठी लावायचा दिवा) लागायचा. एका आजींना घास भरवावा लागायचा, त्यांना गिळायला त्रास होता, घाई करून चालायचंच नाही. त्यांचं ताट संपेपर्यंत माझी पोळी वातड झालेली असायची, आणि तो अर्धा तास पगारातून गेलेला असायचा. नियम स्पष्ट आहे: बिनपगारी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कामातून पूर्ण मोकळ्या हव्यात. काम केलंत तर ती सुट्टी नाही, ते काम आहे. वीस मिनिटांपर्यंतची छोटी सुट्टी तर भरपगारीच असते.

मी खिशात छोटी वही ठेवायला लागले. तारीख, किती वाजता उठले, कुठल्या रूमला गेले, परत केव्हा आले. रेसिडेंटचं नाव कधीच लिहिलं नाही, तुम्हीही लिहू नका. आठवड्याला सरासरी तीन वेळा सुट्टी बुडत होती, म्हणजे दीड तास. माझे चाळीस तास आधीच भरलेले असल्याने तो ओव्हरटाइम होता: २८.५० च्या दराने आठवड्याला ४२.७५. पाच महिन्यांच्या नोंदी घेऊन मी पेरोलकडे गेले. आधी टाळाटाळ झाली, मग चेक आला. त्यानंतर 'नो लंच'चा फॉर्म त्याच दिवशी चार्ज नर्सची (त्या पाळीच्या प्रमुख नर्सची) सही घेऊन द्यायची सवयच लागली. न्यू जर्सीत बुडालेल्या पगाराची मागणी सहा वर्षं मागपर्यंत करता येते. फेडरल कायद्यात दोन वर्षं, जाणूनबुजून बुडवला असेल तर तीन. जुने पे स्टब फेकू नका.

ज्यांचा कोर्स अजून व्हायचाय त्यांनी हे आधी वाचा. फेडरल नियमाने सीएनएचं किमान प्रशिक्षण ७५ तासांचं, न्यू जर्सीत ९०. मेडिकेअर किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) घेणाऱ्या नर्सिंग होमने तुम्हाला कामावर घेतलं असेल किंवा ऑफर दिली असेल, तर कोर्सचे आणि परीक्षेचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत. आणि स्वतः भरून कोर्स केलात, पण १२ महिन्यांच्या आत अशा ठिकाणी लागलात, तर ती फी टप्प्याटप्प्याने परत मिळण्याची सोय राज्याने करायची असते. मी १,४०० डॉलर भरले होते. हे कळलं तेव्हा चार वर्षं उलटली होती आणि पावतीही हरवली होती. त्या मुलीची पावती मी त्याच संध्याकाळी फोनमध्ये स्कॅन करून घेतली.

पुढे नर्स व्हायचं मनात असेल तर ट्यूशन असिस्टन्स विचारा. मालकाने दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे शिक्षणाचे पैसे करमुक्त असतात. साइन-ऑन बोनसच्या (नोकरी स्वीकारल्याबद्दलच्या रकमेच्या) मोहात पडण्यापूर्वी तो किती हप्त्यांत मिळतो आणि लवकर सोडलं तर किती परत द्यावा लागतो, ते वाचा. सोबतच्या बायकांना त्यांचा दर विचारायला लाजू नका. खासगी नोकरीत आपसात पगाराची चर्चा करणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणी 'इथे बोलायचं नाही' म्हटलं तरी. मला पहिली खरी वाढ मिळाली ती शेजारच्या हॉलवरच्या, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेल्या मैत्रिणीचा दर कळल्यावर.

आणि पाठ. आपल्या कामात पाठ, खांदे जपावेच लागतात. हॉयर लिफ्टला (रुग्णाला उचलायच्या यंत्राला) दोघी लागतात म्हणजे दोघीच, कितीही घाई असली तरी. काही दुखावलं तर 'उद्या बरं वाटेल' म्हणून घरी जाऊ नका. त्याच शिफ्टमध्ये सुपरवायझरला सांगा, अपघाताचा फॉर्म भरा, वेळ आणि रूम नंबर लिहा. वर्कर्स कॉम्पमधून (कामावरच्या दुखापतीच्या विम्यातून) उपचाराचा खर्च आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो, पण दुखापत कामावरच झाली हे दाखवणारा तो पहिल्या दिवसाचा कागदच उपयोगी पडतो. फॉर्म देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.