ड्रोनचा स्ट्रोब तपासताना या चुका टाळा

स्ट्रोब, म्हणजे ड्रोनवर लावायचा लुकलुकणारा इशाऱ्याचा दिवा, हातात धरला की डोळे दिपतात, म्हणजे तो पुरेसा प्रखर आहे, असं अनेकजण धरून चालतात. सगळ्यात मोठी चूक हीच. हा दिवा तुमच्यासाठी नसतो, कमी उंचीवरून उडणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकासाठी असतो. अमेरिकेत रात्रीच्या उड्डाणासाठी तो ३ मैलांवरून, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटरवरून दिसावा लागतो. आपणही तोच पल्ला धरावा, असं माझं मत आहे.

त्यासाठी ड्रोन उडवायची गरज नाही. एकाने दिवा घेऊन पाम बीच रोडच्या बाजूला थांबायचं, दुसऱ्याने पारसिक हिलवरून खाली बघायचं. अंतर फोनच्या नकाशावर मोजा. वरून बघणं महत्त्वाचं, कारण मागे सीवूड्स-नेरूळच्या इमारतींचे असंख्य दिवे असतात आणि वैमानिकालाही ते तसेच दिसतात. काळोखात तर साधी टॉर्चही उठून दिसते. खालच्याने न सांगता दिवा चालू-बंद करावा आणि वरच्याने फोनवर "आता लागला" म्हणावं. तो चुकला, तर दिवा बदला. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मात्र ठरवू नका, तो उजेड वाढवून दाखवतो.

ड्रोनच्या पंख्यांच्या दांड्यांवरचे छोटे एलईडी म्हणजे स्ट्रोब नव्हे. ते पुढची-मागची बाजू कळावी म्हणून असतात. लाल स्ट्रोबही टाळा: घोडबंदरच्या टॉवरांच्या माथ्यावर लाल दिवेच असतात, त्यात तो हरवतो. पांढरा घ्या.

दिवा कुठे चिकटवता यानेही फरक पडतो. फक्त वर लावला तर खालून ड्रोनचं अंगच त्याला झाकतं. कॅमेऱ्याजवळ लावला तर फ्रेममध्ये पांढरट झाक येते. दिवा बसवायला चुंबकाचा माउंट असेल आणि ड्रोन होकायंत्राची (कंपासची) चूक दाखवू लागला, तर आधी तो माउंट काढून बघा.

वजनही बघा. २४९ ग्रॅमच्या ड्रोनवर १० ग्रॅमचा दिवा चढला की तो सगळ्यात हलक्या, म्हणजे नॅनो गटाची २५० ग्रॅमची मर्यादा ओलांडून पुढच्या मायक्रो गटात जातो. ड्रोन नियम २०२१ नुसार व्यावसायिक कामासाठी मायक्रो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणि दिवा लावला म्हणजे परवानगी मिळाली, असं अजिबात नाही. उलव्याच्या विमानतळामुळे नवी मुंबईचा नकाशा बदलला आहे. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावर त्या जागेचा झोन, म्हणजे तिथे उडवायला मुभा आहे की नाही, हे दरवेळी बघा, पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश लागू आहे का तेही बघा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य तर सोडूनच द्या. रात्री पक्ष्यांवर स्ट्रोब मारणं कुठल्याही फुटेजपेक्षा महाग आहे.

शेवटची तपासणी चार्जची. दिवा पूर्ण चार्ज करून ड्रोनच्या दोन बॅटऱ्या संपतील तेवढा वेळ चालू ठेवा आणि मग पुन्हा लांबून बघा. सुरुवातीला झळकणारे स्वस्त दिवे इथेच मंद पडतात.