आधी पाणी लिहा, मग पक्षी: खाडीकाठची नोंदवही कशी ठेवावी

नवी मुंबईत नेरूळच्या शाळेत मी विज्ञान शिकवते आणि माझं सासर सारसोळ्याच्या कोळीवाड्यातलं. पाम बीच रोडच्या खाडीकडच्या बाजूला जे तलाव आणि पाणथळी आहेत, त्यातल्या एका तलावाची वही मी सात हिवाळे ठेवते आहे. दर जानेवारीत मला कोणी ना कोणी विचारतं, "आम्हालाही फ्लेमिंगोंची नोंद ठेवायची आहे, काय करायचं?" त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट वेळेची. तलावावर लोक आपल्या सोयीने जातात, पक्षी भरतीच्या सोयीने येतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो, तेव्हा फ्लेमिंगो आणि शेकाटे, तुताऱ्या, चिखले असे काठचे पक्षी सगळे तिकडे चरायला असतात. पाणी चढलं की तो चिखल बुडतो आणि ते आतल्या तलावांवर येऊन उभे राहतात. म्हणून तलावावर भरतीला जायचं. मोबाईलवर भरतीचं कोष्टक मिळतंच, पण माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, तिथीची पाऊणपट करून वेळ काढतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे ३ वाजता पूर्ण भरती. द्वादशीला ९ वाजता. ठाण्याकडे वर जाल तसं पाणी थोडं उशिरा चढतं, एवढं लक्षात ठेवायचं. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं. ते फार चढत नाही, चिखल पुरता बुडत नाही आणि तलाव रिकामा दिसू शकतो. त्या दिवशीचा शून्य आकडा पाहून घाबरू नका.

मी महिन्यातून चार वेळा जाते: दोन्ही चतुर्थ्या आणि दोन्ही द्वादश्या. सकाळची शाळा सुटली की चतुर्थीची भरती गाठता येते. द्वादशीला शाळा असेल तर त्याच आठवड्याच्या रविवारी, तिथीप्रमाणे वेळ बदलून. जागा मात्र एकच. दहा ठिकाणी एकेकदा जाऊन फोटो सुंदर मिळतात, पण बदल कळत नाही. बदल कळायला एकाच जागी, पाण्याच्या एकाच अवस्थेत, पुन्हापुन्हा उभं राहावं लागतं.

आता वहीचं पान. माझ्या पानावर पक्ष्यांचा रकाना तिसरा आहे. पहिला पाण्याचा, दुसरा काठाचा. हा क्रम मी एका वाईट वर्षानंतर लावला.

त्या वर्षी फेब्रुवारीत तलावावर साधारण चारशे छोटे रोहित होते. (फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही.) पुढच्या दोन फेऱ्यांनाही आकडा जवळपास तोच आला, म्हणून मी समाधानाने वही मिटली. चौथ्या फेरीला तीस उरले होते. घरी येऊन मागची पानं चाळली, तेव्हा कोपऱ्यात सहज लिहिलेली वाक्यं दिसली: "काठचा चिखल भेगाळलाय." "आज भरती असून मोठा दगड कोरडा." पाणी येणं थांबून तीन आठवडे झाले होते. पक्षी उरलंसुरलं शेवाळ खात तग धरून होते आणि मी फक्त पक्षी मोजत होते. दादा माझ्याबरोबर काठाने चालत गेले. तलावात भरतीचं पाणी ज्या पाइपातून येतं, त्याचं तोंड गाळ आणि राडारोड्याखाली गाडलं गेलं होतं. दादा म्हणाले, "उघाडी मेली की खाजण मेलं." बांधाच्या झडपेला आमच्याकडे उघाडी म्हणतात, आणि भरतीच्या खाऱ्या पाण्यावर जगणाऱ्या पाणथळीला खाजण.

तेव्हापासून मी पोचल्यावर दुर्बीण काढत नाही. आधी पाण्याची खूण बघते. तुम्हीही न हलणारी एखादी वस्तू धरा, दगड, खांब, जुनी भिंत. खुणा मनात ठरवा आणि पाणी कितवीला आहे ते लिहा. मग पाणी आत येतं त्या तोंडाशी जा. वाहतंय का, कोणत्या दिशेने, तोंडाशी काय साचलंय? रंग आणि वासही लिहा. छोटा रोहित चोच उलटी धरून पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. मोठा रोहित तळाच्या चिखलातले किडे, झिंगेही खातो. पाणी कोंडून राहिलं की साय धरते, सडका वास येतो, किंवा तळ सुकून तडकतो. पक्ष्यांच्या आधी हे सगळं पाण्यात दिसतं.

काठाच्या रकान्यात तिवरं (खारफुटीची झाडं), भराव, दिवे, कुत्रे, माणसं. तिवरांची चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळं हवा घेतात. त्यांच्यावर डेब्रिजचा ढीग पडला की झाड उभ्याउभ्या गुदमरतं, पण पानं पिवळी पडायला वेळ लागतो. म्हणून झाडांच्या आधी मुळं बघा. एक गोष्ट मला बरीच वर्षं कळली नव्हती: तिवरं वाढली म्हणजे सगळं बरं असंही नसतं. खाडीत गाळ साचत गेला की उघड्या चिखलावर तिवरं पुढे सरकतात आणि चरायची जागा तेवढी आखडते. तुमच्या जागी तिवरांची कड कुठवर आहे, ते दर वर्षी एकदा तरी लिहून ठेवा.

दिवे बघायला महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर जा. फ्लेमिंगो रात्रीही उडतात. पाण्याकडे तोंड केलेला झगझगीत दिवा असेल तर तो कितव्या खांबावर आहे ते लिहा. "फार उजेड आहे" या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही, खांबाच्या नंबरावर करू शकतं.

पक्षी मोजायला घाई नको. आधी पन्नास पक्षी नीट मोजा, ते नजरेत किती जागा घेतात ते बघा, मग तेवढे तेवढे तुकडे मोजत जा. गडद तांबडी-काळपट चोच आणि बुटका बांधा तो छोटा. गुलाबी चोच, फक्त टोक काळं आणि उंच मान तो मोठा. राखाडी पिल्लं वेगळी मोजा. गुलाबी रंग अन्नातून येतो आणि चढायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे राखाडी पक्षी म्हणजे अलीकडच्या हंगामांतली पिल्लं. हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे येणारे बरेचसे पक्षी कच्छच्या रणाकडून येतात. तिकडे पाणी टिकलं तर ते उशिरा निघतात, तिकडे वीण फसली तर राखाडी कमी दिसतात. आकडा घटला म्हणजे बिघाड आपल्याच तलावात झाला, असं लगेच म्हणू नका. पाण्याची खूण बरी असेल आणि पक्षी कमी असतील, तर शेजारच्या तलावावर आणि ऐरोलीकडे खाडीत काय दिसतंय ते विचारा.

थवा उठला तर कशाने उठला ते लिहा, किती वेळाने बसला तेही. माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा कुत्रे आहेत, त्यानंतर फोटोसाठी चिखलात उतरलेली माणसं, आणि अलीकडे ड्रोन.

नमुन्याला एक पान:

"द्वादशी, भरती ९. पोचले ८.४०. पाणी दुसऱ्या खुणेला, तोंड वाहतंय, रंग हिरवट, वास नाही. काठ: पश्चिमेला नवा भराव, अंदाजे एक ट्रक. छोटे रोहित ३५०, पैकी राखाडी ४०. मोठे १२. शेकाटे ६० च्या आसपास. दोन कुत्रे बांधावर, एकदा उठाव, पाच मिनिटांत बसले."

फोटो दर वेळी एकाच जागेवरून, एकाच चौकटीत. मी एका बाकाच्या डाव्या टोकाला उभी राहते आणि समोरचा विजेचा मनोरा मधोमध घेते. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा.

तक्रार करायची वेळ आली तर ही वही कशी वापरायची तेही सांगते. मी पहिलं पत्र दिलं त्यात लिहिलं होतं की पक्षी कमी झाले आहेत. उत्तर मिळालं की पक्षी येत-जात असतात. दुसऱ्या पत्राला मी सहा फेऱ्यांचा तक्ता जोडला: तारीख, भरतीची वेळ, पाण्याची खूण, फोटो. पंधरा दिवसांत पाहणीला माणसं आली. तोंड मोकळं व्हायला पुढे पावसाळा उजाडला, त्या हंगामातले पक्षी गेलेच. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पत्रात कायद्याचा आधार नेमका द्या. ठाणे खाडीतलं १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ असा दर्जा मिळाला, पण नेरूळ-सीवूड्सचे तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. तेव्हा "अभयारण्यात भराव" असं चुकीचं लिहून पत्र कमजोर करू नका. तिवरांच्या संरक्षणासाठी मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, त्यात तिवरांभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही आला. अंतर पावलांनी मोजून लिहा.

जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका. फोटो काढा, जागा लिहा आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

जूनमध्ये पक्षी गेले की बहुतेकांची वही बंद होते. माझीही होत असे. आता पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी जाते, फक्त पहिले दोन रकाने भरायला. नोव्हेंबरात पहिला थवा उतरण्याआधी ते तोंड उघडं आहे की नाही, हे मला ऑक्टोबरातच माहीत असायला हवं. पत्र लिहायला, पाहणी व्हायला, जेसीबी यायला तेवढे दिवस लागतात.